एकाच खेपेत

पहिलं सांगायचं म्हणजे, तो झेंडा भगवा होता. ऑरेंज नव्हता. शनिवारपासून हे वाक्य मी मनातल्या मनात इंग्रजीत म्हणतोय आणि दर वेळी ते आधीपेक्षा सणसणीत होतंय. प्रत्यक्ष पेट्रोल पंपावर मात्र माझ्या तोंडून "येस सर" एवढंच बाहेर पडलं.

मिशिगनमधल्या आमच्या मंडळात मागे हूक असलेली गाडी माझी एकट्याची. मिनीव्हॅन आहे. हूक बसवला होता मुलांच्या सायकलींच्या स्टँडसाठी. पण गाडीला हूक आहे हे मंडळाला एकदा कळलं, की ती गाडी तुमची राहत नाही, गावची होते. गणपतीचं सामान एका सभासदाच्या गराजमधून शाळेच्या हॉलवर न्यायचं होतं. अठरा ढोल, सहा ताशे, मखराचे लांबलचक पाइप, ध्वज आणि फायबरचा एक मोठा उंदीर. एक ट्रॉली माझी, दुसरी शेजाऱ्याकडून मागून आणलेली. "अरे, एकीमागे एक जोडून टाक. एकाच खेपेत होईल," असं अध्यक्ष म्हणाले. अध्यक्षांची स्वतःची गाडी इलेक्ट्रिक आहे. बिनहुकाची.

मीही जोडली. कारण मी वाळवा तालुक्यातला. हंगामात ट्रॅक्टरमागे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या, त्यांना मागे दिवा नाही, पुढे गाणी ठणाणा, हे बघतच मोठा झालो. आमच्याकडे दोन ट्रॉल्या ही सुरुवात समजतात. शिवाय माझी ट्रॉली सेकंडहँड. आधीच्या मालकाने तिच्या मागच्या बाजूला हुकाचा गोळा वेल्डिंग करून ठेवला होता. म्हणजे देवाचीच योजना.

पंपावर हवा भरायला थांबलो, तिथे ते आजोबा भेटले. मासेमारीची टोपी, एका हातात कॉफी, कमरेला मोजपट्टी. कमरेला मोजपट्टी लावून कॉफी प्यायला येणारा माणूस दिसला की गाडीत बसून निघून जावं, हे मला आता कळलंय. त्यांनी एक शब्द न बोलता माझ्या लवाजम्याला पूर्ण प्रदक्षिणा घातली. मग कॉफी माझ्याच बॉनेटवर ठेवली.

"यंग मॅन, हे बेकायदा आहे."

मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे.

"दोन पाच सात-सातशे एकवीस," ते म्हणाले. मला वाटलं कॉफीचा हिशोब आहे. तो कलमाचा आकडा होता. मिशिगनमध्ये प्रवासी गाडीमागे एकच ट्रेलर ओढता येतो. दोन ओढायचे तर पिकअप लागतो, पहिला ट्रेलर आत राहता येईल असा आणि पिकअपच्या हौद्यातल्या जोडावर बसणारा लागतो, सगळं मिळून पंचाहत्तर फुटांच्या आत आणि लायसन्सवर 'आर' अक्षर. हे सांगता सांगता त्यांनी पाकीट काढलं आणि स्वतःचं लायसन्स माझ्या नाकासमोर धरलं. आर होता. नातवाचा फोटो दाखवावा तसा दाखवला. त्यासाठी सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे जाऊन लेखी परीक्षा द्यावी लागते, हेही सांगितलं. (या राज्यात आरटीओच्या कचेरीला सेक्रेटरी ऑफ स्टेटचं ऑफिस म्हणतात. नवीन आलो तेव्हा मला वाटलं, लायसन्ससाठी परराष्ट्रमंत्र्यांना भेटायचंय. मी टाय लावून गेलो होतो.)

"आणि मागचा ट्रेलर चालताना तीन इंचांपेक्षा जास्त डुलता कामा नये."

"डुलत नाही."

"बघू."

मग मी, दोन मुलांचा बाप, पंपाच्या आवारात ताशी चार मैलांनी मिनीव्हॅन चालवली आणि आजोबा मोजपट्टी हातात धरून, कमरेत वाकून मागून चालले. मी आरशात त्यांच्याकडे बघतोय, ते चाकाकडे बघताहेत, ढोल आपोआप धडधडताहेत. विसर्जनाची मिरवणूकच, फक्त गुलाल नव्हता. बायकोने खिडकीतून व्हिडिओ काढला. तो रात्रीपर्यंत मंडळाच्या ग्रुपवर आला आणि त्याखाली अध्यक्षांनी हसून रडणारे सहा चेहरे टाकले.

"पाच इंच," आजोबा आनंदाने ओरडले.

इथवर ठीक होतं. मग ते पाइपांकडे वळले. पाइप मागे चार फुटांपेक्षा जास्त बाहेर असतील, तर टोकाला लाल कापड हवं, बारा इंच बाय बारा इंच. आता मात्र माझा ऊर भरून आला, कारण सगळ्यात लांब पाइपाच्या टोकाला आम्ही पथकाचा ध्वज बांधला होता. मी नुसतं बोट दाखवलं. त्यांनी मोजपट्टी लावली. माप कितीतरी जास्त भरलं. मग त्यांनी कापडाचं टोक उजेडात धरलं, आपल्या पिकअपच्या लाल दिव्याजवळ नेऊन ताडून पाहिलं आणि डोकं हलवलं.

"धिस इज ऑरेंज."

ऑरेंज! या रंगावरून आमच्याकडे माणसं काय काय करतात, याची त्यांना कल्पना नव्हती. मला होती, आणि तरी मी गप्प बसलो. त्यांनी आपल्या गाडीतून ग्रीस पुसायचं लाल फडकं आणलं आणि ध्वजाच्या शेजारी घट्ट गाठ मारून बांधलं. परत करायचं आहे, असंही बजावलं.

माणूस चुकीचा असता तर भांडलो असतो. तो बरोबर होता, हाच त्रास. शब्दन् शब्द बरोबर, आणि हाताशी सगळा शनिवार मोकळा. रात्री झोप येईना म्हणून मी आपला १९८८चा मोटार वाहन कायदा काढून बसलो. ६१व्या कलमात चक्क 'ट्रेलर किंवा ट्रेलर्स' असं अनेकवचन आहे आणि गाडीचा नंबर 'ट्रेन'मधल्या शेवटच्या ट्रेलरवर लावा, असंही म्हटलंय. ट्रेन! केवढं मोठं मन. अर्थात उसाच्या शेवटच्या ट्रॉलीवर मी आजवर नंबर पाहिलेला नाही. 'पुन्हा भेटू' पाहिलंय.

तर मागची ट्रॉली सोडावी लागली. तिच्या दांड्याला चाक नाही, जॅक नाही. तो मी कमरेने उचलला, आणि ती कमर अजून माझ्याशी बोलत नाही. पुढची ट्रॉली घेऊन हॉल गाठला. तिथे मंडळाचे अकरा जण चहा पीत उभे होते. "उशीर केलास," एक वहिनी म्हणाल्या. ढोल उतरवून परत चौदा मैल.

आजोबा त्या सोडलेल्या ट्रॉलीशेजारी घडीची खुर्ची टाकून बसले होते. पाऊण तास राखण केली, हे मान्य करायला हवं. करतोय. पण त्या पाऊण तासात त्यांनी ताडपत्री उचलून पाहिली होती.

"हा उंदीर कशाला?"

"आमच्या देवाचं वाहन आहे."

"देव केवढा?"

मी हात फाकवून पोट दाखवलं, सोंड दाखवली. हत्तीचं डोकं, असं म्हणालो. ते खुर्चीतून उठले. उंदराच्या मागे गेले. वाकून त्याच्या शेपटीखाली बराच वेळ पाहिलं. चेष्टा नव्हती हो, माणूस खरोखर काळजीत पडला होता.

"याची ओढायची क्षमता किती?"

"पाठीवर बसतात. ओढत नाही."

"मग ठीक," ते म्हणाले आणि खुर्चीची घडी घातली.

खजिनदारांना मी दोन खेपांच्या पेट्रोलच्या पावत्या पाठवल्या. काल उत्तर आलं: 'कमिटीत एकाच खेपेचं ठरलं होतं. दुसरी मंजूर करता येत नाही. बाप्पा मोरया.' खाली हात जोडलेले.

आज सकाळी हूक काढून टाकायला किती घेतील, हे विचारायला गॅरेजवाल्याला फोन केला. दीडशे डॉलर म्हणाला. पावती कोणाच्या नावाने करू, असं विचारत होता. मी त्याला मंडळाचं पूर्ण नाव एकेक अक्षर करून सांगितलं.