देवळापेक्षा नंदीध्वज मोठा? मग बरोबरच आहे की!

दुपारपासून डोकं तापलंय आणि त्याचं खापर उन्हावर फोडता येत नाही.

एका शाळेच्या हॉलमध्ये मुलांच्या चित्रांचं परीक्षण चाललं होतं. विषय गड्डा यात्रा, म्हणजे आपल्या सोलापूरची सिद्धेश्वराची यात्रा. एका मुलीने नंदीध्वज, म्हणजे यात्रेत मिरवतात ती उंच काठी, कागदाच्या खालच्या कडेपासून वरच्या कडेपर्यंत उभा केलेला. सिद्धेश्वराचं देऊळ कोपऱ्यात, अंगठ्याएवढं. तळं वरून पाहिल्यासारखं, आणि त्यातलं देऊळ मात्र समोरून. बाराबंदीतली (यात्रेच्या पांढऱ्या पोशाखातली) माणसं एकावर एक रचलेली. परीक्षकांनी लाल पेनाने ध्वजाभोवती गोल काढला. "देऊळ मोठं असतं की काठी? प्रमाण चुकलंय बाळ." पोरीने मान हलवली आणि चित्र उचललं.

अहो, कुठल्या शैलीत चुकलंय, ते तर सांगा! प्रमाण ही काय मंडईतली वजनं आहेत का, सगळीकडे एकच?

आधी तुमच्याच नियमाने बघू. समजा ३० फुटांची काठी बघणाऱ्यापासून ३० फुटांवर आहे आणि ६० फुटांचं शिखर ३०० फुटांवर. पर्स्पेक्टिव्हच्या (जवळचं मोठं, लांबचं लहान) हिशेबाने कागदावर काठी शिखराच्या पाचपट उंच येते. गर्दीत ध्वजाजवळ उभं राहून ज्याने मान वर केलीय त्याला हे गणित मांडावं लागत नाही. तुम्ही सगळे गड्ड्यावर वाढलेले, तुम्हाला काय सांगायचं.

पण त्या पोरीने पर्स्पेक्टिव्ह काढलेलंच नव्हतं, मुद्दा तो आहे. तिची मांडणी महत्त्वानुसार होती. जो मुख्य तो मोठा. अजिंठ्याच्या १७ व्या लेण्यात बुद्ध भिक्षापात्र घेऊन उभा आहे आणि त्याच्यापुढे यशोधरा नि राहुल चिमुकले आहेत. तिथेही मारा लाल गोल! राजस्थानी-पहाडी लघुचित्रांत तळं वरून दिसतं, कमळं आणि माणसं बाजूने. कारण पाण्याचा आकार वरूनच कळतो आणि माणूस बाजूने ओळखू येतो. प्रत्येक वस्तू तिच्या सगळ्यात ओळखीच्या बाजूने दाखवायची, हा तिथला नियम आहे. नियम नसणं वेगळं आणि दुसरा नियम असणं वेगळं.

उलटही होतं. जपानी होकुसाईने १८३० च्या सुमारास फुजी पर्वताच्या ३६ दृश्यांची मालिका काढली (पुढे दहा वाढवून ४६ झाली). त्यातल्या सगळ्यात गाजलेल्या चित्रात फुजी लाटेखाली इवलासा आहे. विषय फुजी आणि कागद लाटेचा. तो चुकला म्हणायचं का?

बरं, मान्य. पर्स्पेक्टिव्ह यायलाच हवं. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेच्या स्थिरचित्रात लोट्याच्या तोंडाचा लंबगोल चपटा आणि बुडाचा त्याहून गोलसर यायला पाहिजे, कारण बूड डोळ्याच्या पातळीपासून जास्त खाली असतं. पोरं बुडाला सरळ रेघ मारतात आणि लोटा कापल्यासारखा दिसतो. तिथे गुण कापा, बिनधास्त कापा. पण ते समोर ठेवलेला लोटा बघून काढलेलं चित्र. यात्रा कोणी टेबलावर मांडून ठेवलेली नव्हती.

आणि आपण सोलापूरकरांनी तरी हे बोलू नये. जॅकार्ड मागावर देऊळ विणणारं गाव आपलं! वॉल हँगिंगचं डिझाइन आधी चौकटीच्या कागदावर उतरतं. एक चौकट म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांची एक गाठभेट. मग मागाला लावायच्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पडतात: भोक असेल तिथला उभा धागा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. गोल रेषा नावाची गोष्टच तिथे नाही, सगळ्या पायऱ्या. कळसाची गोलाई दोन चौकटी आडव्या, एक वर, मग एक आडवी, एक वर, मग एक आडवी, दोन वर अशी चढवावी लागते. इंचात उभे धागे ४० आणि आडवे ६० असतील आणि डिझाइन साध्या चौरस चौकटींवर काढलं, तर गोल काढलेला सूर्य कापडावर चपटा उतरतो. म्हणून चौकटीच धाग्यांच्या प्रमाणात आखतात. एकाच रंगाचा पट्टा फार रुंद ठेवला की धागा न बांधता लांब तरंगतो आणि बांगडीत अडकून ओढला जातो. मग त्या पट्ट्यात बारीक ठिपके टाकून धागा बांधायचा. बघणाऱ्याला ती नक्षी वाटते, विणणाऱ्याची ती गरज असते. शैली अशी जन्मते. साधन काय करू देतं आणि काय नाही, त्यातून.

हीच यात्रा वारलीत घ्या. गेरूच्या पार्श्वभूमीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा, बस्स, दुसरा रंग नाही. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून धड. कंबर जाड झाली की माणूस डमरू न राहता पोतं होतो. चेहऱ्यात डोळे भरले की संपलं. गर्दी काढायची तर माणसं रांगेने वळवत न्यायची, एकाला दुसऱ्याने झाकायचं नाही. आता तीच गर्दी जलरंगात घेतली तर बरोबर उलटं: माणसं मोजायचीच नाहीत, फेट्यांचे पाच-सहा ठिपके स्पष्ट आणि बाकी ओल्या कागदावर ओला रंग सोडून द्यायचं. आकाशाचा वॉश (पातळ रंगाचा सलग हात) आपल्या उन्हाळ्यात निम्म्यावरच वाळतो आणि मध्ये कडक रेघ पडते. बोर्ड थोडा तिरका ठेवा, कागद मागूनही ओला करा, वाटीभर पाण्यात ग्लिसरीनचे चार-पाच थेंब टाका. नाहीतर सरळ सकाळी आठच्या आत उरकून घ्या.

विषय बदलला का? नाही. यात्रेतल्या अक्षता त्याच, त्या टाकतानाचं "दिड्डम दिड्डम" तेच. काय ठेवायचं नि काय सोडायचं, ते बदललं.

एवढं लिहिल्यावर राग जरा उतरलाय. परीक्षकांचंही काय, पुढ्यात गठ्ठा आणि हातात तास-दीड तास. मोजायला सोपं ते मोजतात. (म्हणजे माफ केलं असं नाही.)

कारण त्या चित्रात चुका होत्या, आणि त्या कोणी दाखवल्याच नाहीत. सगळी माणसं सपाट रंगातली आणि पुढच्या दोघांच्या गालांवर मात्र शेडिंग. ते दोघं दुसऱ्याच चित्रातून आल्यासारखे वाटत होते. सपाट तर सपाट, शेवटपर्यंत. अक्षतांचे पांढरे ठिपके निळा ओला असतानाच दिलेले, त्यामुळे ते फिके निळे झाले. पोस्टर कलर पूर्ण वाळू द्यायचा आणि पांढऱ्यात पाणी जवळजवळ नको, दह्याइतका दाट. नंदीध्वजाचा तपकिरी थरावर थर देऊन जाड केलेला, त्याला आत्ताच बारीक तडे होते. हे सांगितलं असतं तर पोरगी पुढच्या वेळी याच शैलीत दुप्पट चांगलं काढेल. "प्रमाण चुकलंय" ऐकून ती आता देऊळ मोठं आणि काठी बारीक काढेल, आजूबाजूच्या चाळीस चित्रांत होती तशी.

तिच्या घरचं कोणी हे वाचत असेल तर एक काम करा. जाताना तिने चित्र गुंडाळलेलं पाहिलं. ते उलगडा, नाहीतर ध्वजाचा रंग गळून पडेल. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये सपाट ठेवा, वर जड वही नको. लाल गोल ओल्या बोळ्याने पुसायला जाऊ नका, खालचा निळा आधी निघेल. त्यावर पांढराही लावू नका, पेनाची शाई वर फुटून गुलाबी होते. तिथला निळाच थोडा गडद कालवून गोलाच्या रेघेवर एकदा फिरवा, आणि त्याला हवं तर ढग म्हणा.