प्रिंटर सगळ्यांचा, वायर एकाची

पतसंस्थेत प्रिंटर सगळ्यांसाठी म्हणून घेतात. प्रत्यक्षात ज्याच्या मशीनला त्याची यूएसबी वायर लागली, तोच त्याचा मालक. बाकीच्यांनी नेटवर्कवरून मागून घ्यायचं. आमच्याकडे ती वायर रोखपाल बाईंकडे. त्यांचं मशीन बंद की अख्ख्या शाखेची छपाई बंद, म्हणून रजेवर जाताना त्या मॉनिटरवर ‘बंद करू नये’ अशी चिठ्ठी चिकटवतात. पासवर्ड मात्र सोबत घेऊन जातात.

२०२१ चे गणपती. बाई कोकणात, गावी. विंडोजचं १४ सप्टेंबरचं अपडेट आलं आणि त्यांचं चालू ठेवलेलं मशीन रातोरात गुपचूप अद्ययावत होऊन बसलं. आमची मशीन्स होती तिथेच. ‘स्लो होतं’ म्हणून कुणीतरी कधीकाळी आमची अपडेट्स बंद करून ठेवलेली. सकाळी पहिल्याच ठेवपावतीला पडद्यावर पाटी आली : प्रिंटरशी जोडणी होत नाही, चुकीचा क्रमांक ०एक्स०००००११बी.

शाखेत कॉम्प्युटरचं काही झालं की हाक मला. पात्रता काय, तर मागे एकदा साहेबांना मराठी फाँट टाकून दिला होता.

स्पूलर, म्हणजे छपाईची कामं रांगेत लावणारी सेवा, बंद करून पुन्हा चालू केली. सिस्टिम३२ मधल्या स्पूल, त्यातल्या प्रिंटर्स फोल्डरमध्ये अडकलेल्या फायली उडवल्या. प्रिंटर काढून टाकला, पुन्हा जोडायला घेतला. संगणक बराच वेळ शोधत राहिला आणि म्हणाला, सापडत नाही. प्रिंटर चार हातांवर, हिरवा दिवा लावून बसलेला! नाव हातानं टाइप केलं तर ०एक्स०००००७०९ : नाव तपासून पाहा. तपासलं. बाईंनी शेअर करताना ‘प्रिंटर’च्या स्पेलिंगमधला टी खाल्ला होता. तसंच चुकीचं टाइप केल्यावर गाडी परत ११बी वर आली. ही प्रगतीच म्हणायची.

मामा शिपाई टोनर हलवून बघत होते. साहेबांनी इंजिनिअरिंगच्या भाच्याला फोन लावला; मास्क हनुवटीवर घेऊन त्यांनी निदान जाहीर केलं, “फॉरमॅट मारा म्हणतोय.” काउंटरपलीकडच्या आजोबांना सगळ्यात सोपा उपाय सुचला : हातानं लिहून द्या.

भानगड काय होती ते नंतर कळलं. त्या वर्षी जुलैत स्पूलरच्या सुरक्षेत मोठं भगदाड निघालं होतं, नाव प्रिंटनाइटमेअर. मग दुरुस्तीवर दुरुस्ती. ऑगस्टपासून प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला चालवणारा प्रोग्रॅम, टाकायला ॲडमिनची परवानगी लागू लागली, सप्टेंबरपासून छपाईसाठी दोन मशीन्सनी एकमेकांशी बोलायचं तर सांकेतिक भाषेतच. बाईंच्या मशीनला ती भाषा सक्तीची झाली आणि आमची अजून उघड्यावर बोलत होती. शुद्ध भाऊबंदकी : एका छपराखाली राहायचं, पण बोलणं बंद.

इलाज होता. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीत, जाऊन एका किमतीला शून्य करायचं. सुरक्षा थोडी ढिली होते, पण कागद बाहेर पडतो. मात्र हे करायचं बाईंच्याच मशीनवर, आणि ते तर लॉक. फोन लावला. मागे टाळांचा आवाज, मधेच रेंज जाणार. बाई शांतपणे म्हणाल्या, “रोखीचं मशीन आहे. पासवर्ड फोनवर सांगायचा नाही, असं आपलंच परिपत्रक आहे ना?” त्यांचं अगदी बरोबर होतं, याचाच जास्त संताप आला.

शेवटी संगणकाशी खोटं बोललो. शेअर्ड प्रिंटरचं नावच काढलं नाही. नवा लोकल पोर्ट, म्हणजे स्वतःच्याच मशीनवरचं प्रिंटर जोडायचं दार, बनवला, त्याच्या नावाच्या जागी दोन तिरक्या रेघा, बाईंच्या मशीनचं नाव, एक तिरकी रेघ आणि तो टी खाल्लेला प्रिंटर असं लिहिलं. ड्रायव्हर हातानं निवडून दिला. म्हणजे प्रिंटर तुझाच आहे बाबा, फक्त राहायला शेजारी असतो. खरं सांगितलं तेव्हा नियमावर बोट ठेवणारा संगणक लगेच हो म्हणाला. आजोबांची पावती आली. त्यांनी ती उजेडात धरून आकडा वाचला आणि मान हलवली.

तीच कलाकारी साहेबांच्या मशीनवर केली. त्यांना संचालक मंडळाच्या सभेचा अजेंडा काढायचा होता. पहिला कागद यायला जरा वेळ लागला. तेवढ्यात त्यांनी प्रिंटचं बटण दाबत राहायचं काही सोडलं नाही. मग अजेंडे सुरू झाले ते थांबेचनात. ट्रे भरला, कागद जमिनीवर उतरले, मामा वेचत सुटले. साहेबांनी त्यातला एक उचलला, उलटा करून कोरी बाजू पाहिली आणि मला विचारलं,

“याच्यावर पाठपोट येत नाही का हो?”