‘इलॅस्टिकचा स्कर्ट म्हणजे शिवण नव्हे’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

तुमची प्रतिक्रिया ऐसपैस आहे, त्यामुळे उत्तरही तसंच होणार. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. नवशिक्या मुलींना थेट स्कर्ट शिवायला लावून मी त्यांचा पाया कच्चा ठेवते. आधी कागदावरचं कटिंग, मग झबलं-टोपडं, मग परकर, मग ब्लाउज हा क्रम मोडायचा नसतो. इलॅस्टिक घालून केलेला स्कर्ट म्हणजे शिवण नव्हेच. जुन्या साडीचं कापड आडवं लावा म्हणणं हे चुकीचं शिक्षण आहे. गोल घेराचा स्कर्ट ४४ इंची पन्ह्यात, म्हणजे कापडाच्या तेवढ्या रुंदीत, बसतच नाही. आणि जाता जाता एक टपली: आपल्या सोलापुरात नवी पेठेत तयार स्कर्ट स्वस्तात मिळतो, मग एवढा खटाटोप कशाला?

टपलीचं आधी उरकते. मिळतो की ओ, खुशाल घ्या. त्याला खिसा नसतो आणि उंची दुकानदार ठरवतो, एवढंच.

आता क्रमाबद्दल. तुम्ही इतकी वर्षं क्लास घेताय, तुमच्या हाताखालून किती मुली गेल्या असतील, त्याबद्दल आदरच आहे. पण झबल्यापासूनच सुरुवात का, हे मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही. कापड थोडं लागतं हे खरं, पण काम सोपं नसतं. वीतभर गळ्याला उरेब (तिरक्या कापलेल्या कापडाची) पट्टी लावायची म्हणजे दर दोन टाक्यांनी दाब उचलून कापड वळवायचं. ज्या मुलीला अजून पायमशीनचं चाक उलटं न फिरवता सुरू करता येत नाही, तिला ही वळणं देऊन काय साधतं? मुंढ्यात (बाही जोडतात त्या गोलात) पाव इंच इकडेतिकडे झालं की ब्लाउज खांद्यावरून उतरतो किंवा काखेत काचतो. स्कर्ट अंगाला धरतो तो फक्त कमरेत. खाली सगळा घेर, त्यात पाव इंच कुठे गेला ते कुणाला कळत नाही. शिवाय त्यात काय असतं, तर लांबच लांब सरळ शिलाई, म्हणजे नवीन हाताला हवा असतो नेमका तोच सराव. आपल्याकडे गणवेशाच्या कारखान्यात नव्या मुलीला पहिल्याच दिवशी कॉलर देत नाहीत, सरळ शिलाईवरच बसवतात.

रेघांच्या कागदावर बिनदोऱ्याची मशीन चालवायचा सराव मलाही मान्य आहे. एखादी संध्याकाळ जरूर करावा. पण महिनाभर नको. कागद घसरत नाही, ताणला जात नाही, आणि सुईची धार मात्र घालवतो. हात बसायचा तर कापडावरच बसतो. मांजरपाट घ्या, नाहीतर घरातली जुनी चादर. (पातळ, पलंगावरची. आपली जेकार्डची सोलापुरी चादर नव्हे. ती साध्या १४ नंबरच्या सुईखाली घालून मशीनला शिव्या देऊ नयेत.) आणि फायलीत चिकटवलेला तो चिमुकला कागदी ब्लाउज कितीही सुबक असला, तरी तो घालून कुणी बाहेर पडलंय का? पहिलीच वस्तू अंगावर घालता आली की दुसरी शिवायची उमेद येते. माझा सगळा आग्रह एवढ्यासाठीच आहे.

साडीच्या मुद्द्यावर मात्र मी हटणार नाही.

उभा धागा, म्हणजे कापडाच्या लांबीत जाणारा ताणा, उंचीत घ्यायचा, हा नियम कुठून आला ते आपल्या मागांच्या गावात तरी सांगायला नको. ताण्याच्या धाग्याला खळ देतात, मागावर तो सतत ताणून धरलेला असतो. म्हणून कापड उभ्यात कमी ताणलं जातं, आडव्यात थोडं देतं. (आणि पाण्यात घातलं की बहुधा उभ्यातच जास्त आटतं. म्हणून नवं सुती कापड रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच कापायचं. हे तुम्हीही लिहिलंय, तिथे आपलं एकमत.) अंगासरशी बसणाऱ्या सरळ स्कर्टला हा नियम पाळावाच लागतो, नाहीतर चार वेळा बसलं की मागे पोक येतो. पण चुण्यांच्या घेरदार स्कर्टला कुठे ताण पडतो? तिथे धागा आडवा गेला तर फरक एवढाच की चुण्या थोड्या फुगून बसतात.

आणि ताई, आपल्या लहानपणचं परकर-पोलकं आठवा. काठाच्या साडीचा परकर शिवला की काठ कुठे यायचा? खाली, घोळावर. काठ साडीच्या लांबीत विणलेला असतो, म्हणजे त्या परकराच्या उंचीत आडवाच धागा असायचा. शिवणाऱ्या आज्यांना कुणी चुकीचं शिकवलं होतं असं मला वाटत नाही. काठाची कड मागावरच पक्की झालेली असते, त्यामुळे खालची दुमडपट्टी घालायची गरजच नाही. नवशिकीचा अर्धा जीव जातो तो त्या पट्टीत. जुनी सुती इरकल साडी असेल तर आधी उजेडासमोर धरून बघा. घडीवर विरलेली दिसली तर तेवढा भाग सोडा. पदर वेगळा काढून ठेवा, त्याचे खिसे फार देखणे होतात. उरलेल्या भागातून सीटच्या (नितंबांच्या) मापाच्या दीडपट ते दुप्पट घेर घ्या. उंची वरून कमी करायची, काठाला कात्री लावायची नाही.

इलॅस्टिक म्हणजे आळस, असं तुम्ही लिहिलंत. नीट घालून बघा, कळेल. एक इंची इलॅस्टिकला नेफा (ते ओवायची दुमड) सव्वा इंचाचा हवा आणि आत दुमडायला पाव इंच, म्हणजे वरच्या कडेला दीड इंच जादा ठेवावं लागतं. नेफा अगदी मापात ठेवला तर सेफ्टी पिन अर्ध्यात अडकते, सैल ठेवला तर इलॅस्टिक आत गुंडाळतं. इलॅस्टिक कमरेपेक्षा दोन-तीन इंच कमी घ्यायचं. टोकं एकमेकांवर अर्धा इंच चढवून चौकोनी शिलाई मारायची, नुसती टोकाला टोक जोडून नाही. मग चुण्या सारख्या पसरायच्या आणि दोन्ही बाजूंच्या शिलाईवर नेफ्यातून उभी टीप मारायची, म्हणजे धुतल्यावर पीळ पडत नाही. ही शेवटची टीप बऱ्याच तयार स्कर्टांत नसते. चेन, टक्स (कमरेत आकार देणाऱ्या चिमट्या), बकरमचा (आत कडक कापड घातलेला) पट्टा हे सगळं शिकायचंच आहे, पण तिसऱ्या-चौथ्या स्कर्टला. पहिल्याच स्कर्टला चेन लावायला घेतली की उसवण्यातच कापडाची चाळण होते.

राहिला गोल घेराचा हिशेब. कमर २८ इंच धरली तर २८ भागिले ६.२८ (३.१४ ची दुप्पट), म्हणजे कमरेच्या गोलाची त्रिज्या साधारण साडेचार इंच. उंची २४, शिलाई आणि खालची बारीक दुमड मिळून एक इंच. बेरीज साडेएकोणतीस. कापड चौघडी करून एका तुकड्यात कापायला गेलात तर ५९ इंच पन्हा लागेल, म्हणून ४४ मध्ये बसत नाही हे तुमचं म्हणणं तेवढ्यापुरतं बरोबर. पण दोन अर्धगोल कापा. सरळ कड कापडाच्या किनारीला समांतर, शिलाईपुरतं अर्धा इंच आत. पन्ह्यातले ३० इंच लागतात, ४४ मध्ये आरामात बसतं. लांबीत प्रत्येकी ५९ इंच, म्हणजे दोन्हींचे ११८. सव्वातीन मीटर कापड घ्या, चाटी गल्लीत कुठेही फाडून देतील.

हा हिशेब चेन लावणार असाल तरच. इलॅस्टिक घालणार असाल तर वरचा गोल कमरेच्या नव्हे, सीटच्या मापाने काढायचा, नाहीतर स्कर्ट चढणारच नाही. सीट ३८ असेल तर त्रिज्या सहा इंच, आणि नेफ्याची पट्टी वेगळी जोडायची, कारण गोलाची कड आत दुमडली की ती कमी पडते आणि खेचते. कापडही सव्वातीनऐवजी साडेतीन मीटर धरा. एक मात्र विसरू नका: गोल स्कर्टात काही भाग उरेब येतो आणि तो आपल्याच वजनाने उतरतो. कंबर शिवून झाली की रात्रभर हँगरला टांगून ठेवा. सकाळी घालून उभ्या राहा, कुणाला तरी जमिनीपासून पट्टी धरून खडूची खूण करायला सांगा, आणि मगच खालची दुमड घाला.