चार भोकांसाठी माझी झोप गेलीय

नाईट शिफ्ट करणाऱ्यांनाच हे कळेल, बाकीच्यांनी वाचून सोडून द्या. सकाळी साडेसहाला कॅब गेटवर सोडते, सात वाजता मी आडवा होतो आणि नेमका तेव्हाच सूर्य समोरच्या बिल्डिंगच्या टाकीमागून वर येऊन थेट माझ्या उशीवर. फ्लॅट बघायला आलो तेव्हा मालक काका कौतुकाने सांगत होते, बेडरूमची खिडकी पूर्वेला आहे, वास्तूप्रमाणे एक नंबर. मीपण मान हलवली. नंदीबैल साला.

अकरा महिन्यांच्या करारात एक ओळ आहे, भिंतीला ड्रिल, खिळा काही मारायचं नाही, मारलं तर डिपॉझिटमधून कापणार. आणि खिडकीवर पडद्याचा रॉडच नाही! आधीच्या भाडेकरूने स्वतःचा रॉड जाताना काढून नेला, त्याची भोकं काकांनी पुट्टी भरून रंग मारून बुजवली. म्हणजे भोकं बुजतात हे त्यांना चांगलं माहितीये. वर हॉलमध्ये देवाच्या कॅलेंडरसाठी त्यांनी स्वतः ठोकलेला तीन इंची खिळा आहे तो वेगळाच, तो बहुतेक करारात बसत नाही.

तर मी म्हणलं ठीकाय, विना ड्रिल काहीतरी करू. रात्री ब्रेकमध्ये व्हिडिओ बघायला लागलो आणि तिथेच वाट लागली माझी. एक गोरी बाई खिडकीच्या आतून लाकडी शटर बसवते, पट्ट्या पट्ट्यांची, पांढरीशुभ्र, ना ड्रिल ना स्क्रू, दहा मिनिटांत खोलीत अंधार. गावाकडे आमच्या जुन्या घराला अशाच आतून सागवानी झडपा होत्या, खिट्टी लावली की भर मे महिन्यात दुपारी खोली गार आणि काळोखी, त्यामुळे मला एकदम भरूनच आलं. सुताराला बोलावलं. त्याने मोबाईल बघितला, खिडकी बघितली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, दादा, झडपेला बिजागरी लागते, बिजागरीला चौकट लागते आणि चौकटीला स्क्रू लागतो, स्क्रू नको तर काय फेविकॉलने चिकटवू? तुमच्या गावाकडची चौकट भिंत बांधतानाच बसवलेली असणार. चहा पिऊन गेला. त्या दिवशी ऐकलं असतं त्याचं तर पुढचे पैसे वाचले असते.

पहिला आणला स्प्रिंगचा रॉड. दोन भिंतींच्या मधे फिरवून ताणायचा, आतली स्प्रिंग दोन्हीकडे दाबून धरते, बस, एवढाच त्याचा आधार. आता हे चालायला दोन्ही बाजू सरळ आणि समोरासमोर पाहिजेत ना? आमच्या खिडकीचा गाळा वर पाच फूट आणि खाली पाच फूट पाऊण इंच! प्लास्टर करणाऱ्याने ओळंबा लावला होता की डोळे मिटून थापी मारली होती देव जाणे. रॉड लावला, ब्लॅकआऊटचा पडदा टाकला (तो जाड कापडाचा, चांगला वजनदार असतो हे कुणी सांगत नाही), पडदा लावला-उघडला की रॉड एका बाजूने मिलीमीटर मिलीमीटर खाली. तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला सगळं लटांबर माझ्या तोंडावर. मला वाटलं भूकंप झाला.

मग चिकटवायचे हुक. पाकिटावर लिहिलंय पाच किलो वजन पेलतो. पेलत असेल, गुळगुळीत टाईलवर! भिंतीवर काय होतं ते मी सांगतो. टेप चिकटते रंगाला, रंग चिकटलाय पुट्टीला, पुट्टी चिकटलीय प्लास्टरला, म्हणजे तुमचा पडदा खरं तर त्या रंगाच्या पापुद्र्यावर लटकलेला असतो. हुक स्वतः नाहीच निघाला, त्याने तळहाताएवढा रंग पुट्टीसकट सोबत आणला. एक नाही, दोन ठिकाणी. ड्रिलचं भोक सहा एमएमचं पडलं असतं हो! सहा एमएम! करंगळीपेक्षा बारीक! ते वाचवायला गेलो आणि भिंतीला खरूज झाल्यासारखी दिसतेय आता.

यानंतरचं लिहायला लाज वाटते पण लिहितो. मी चुंबकाचा पडदा मागवला. कडेने चुंबक, खिडकीच्या फ्रेमला टक्कन चिकटतो. फ्रेम ॲल्युमिनियमची. ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही हे शाळेत शिकलोय, इंजिनिअरिंग केलंय, आणि तरी पॉप-अप आला ऑफर संपतेय म्हणून आणि दाबलं बटण. लोखंडी ग्रिल आहे, पण ती काचेच्या बाहेर. पार्सलवाला हसला असं मला उगाच वाटलं. परत घेत नाहीत म्हणे, पाकीट फोडलं म्हणून. सध्या त्यातला एक चुंबक फ्रिजवर लाईट बिल धरून बसलाय.

व्हॅक्यूमच्या वाट्या असलेला पण झाला वापरून. काचेला चिकटतो, मान्य. पण आपल्या स्लायडिंगला दोन काचा एकमेकींवरून सरकतात, पडदा दोन्हीवर चिकटवला की खिडकी उघडणारच नाही. एकतर उजेड घ्या नाहीतर वारा सोडा. मे महिन्यात खिडकी बंद करून झोपा म्हणजे इडलीपात्रात झोपल्यासारखं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की हे सगळे प्रकार कुठल्या खिडक्यांसाठी बनवलेत ते. तिकडे परदेशात दारासारख्या आत उघडणाऱ्या प्लॅस्टिकच्या फ्रेम असतात, त्यांच्या काठाला क्लिप अडकवली की काम झालं. आमच्याकडे तीन ट्रॅक, त्यात एक जाळीचा, क्लिपला पकडायला काठ कुठाय? इकडे विकताना मात्र "सर्व खिडक्यांसाठी".

एकूण ३८०० रुपये गेले. हॅमर ड्रिलवाला माणूस तीनशे घेतो म्हणे, कारण खिडकीच्या वर लिंटेलचं, म्हणजे आडव्या तुळईचं, काँक्रीट लागतं, साधा ड्रिल तिथे नाचतो नुसता. तीनशे! काकांना फोन करून म्हणलं, चार भोकं, जाताना मी स्वतः बुजवून, रंग मारून देतो, लिहून देतो हवं तर. तर म्हणतात, अहो असं प्रत्येकाला हो म्हणलं तर भिंतीची चाळण होईल. प्रत्येकाला म्हणजे कोणाला? माझ्याशिवाय इथे राहतं कोण?

शेवटी मैद्याची खळ केली, लहानपणी पतंगाला करायचो तशी, आणि काचेला पेपर चिकटवले. हा एकच प्रकार पडला नाही. फक्त ऊन मागून आलं की दोन्ही बाजूंची अक्षरं एकात एक दिसतात, आणि झोप नाही लागली की मी उलट्या छोट्या जाहिराती वाचत पडतो. एकीत लिहिलंय पूर्वाभिमुख, हवेशीर.

काल काकांचा फोन, साडेदहाला, म्हणजे माझी मध्यरात्र. खालून कुणीतरी फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकलाय, बरं दिसत नाही, पेपर काढून टाका. काढतो म्हणलं आणि फोन ठेवला. आज सकाळी कॅबमधून उतरलो, कोपऱ्यावरून अजून दोन पेपर घेतले, आणि आहे त्याच्यावर दुसरा थर चढवलाय.