फुकटचं बोर

आम्ही राहतो अमळनेरात, बोरी नदीच्या काठी, आणि बोरं आणतो बाजारातून. लेकाच्या पहिल्या बोरन्हाणाला किलोभर बोरांचा भाव ऐकला आणि ठरवलं, दारात आपलं झाड हवंच.

पारोळ्याला साडूंच्या मळ्यात मेहरूणी बोराचं कलम आहे. जळगावच्या मेहरूणचं बोर म्हणजे खानदेशात काय ते सांगायला नको. त्या झाडापासून दोन हातांवर जमिनीतून एक फुटवा वर आलेला. "हा नेऊ का?" म्हटलं. साडू म्हणाले, "न्या की!" जो माणूस लोणच्याची रिकामी बरणीसुद्धा परत मागतो, तो झाड देतोय, इथंच माझे कान टवकारायला हवे होते.

पण मी शास्त्रशुद्ध कामाला लागलो. बोराचं मुख्य सोटमूळ खोल जातं, ते उपटून जगत नाही. फुटवा येतो तो आडव्या मुळावर. म्हणून मृगात कुदळीनं आईकडचं मूळ तोडलं आणि फुटवा तीन आठवडे जागीच ठेवला, स्वतःची मुळं धरू दे म्हणून. मग मातीच्या गड्ड्यासकट काढला. पेन्सिलीएवढं जाड मूळ, त्याला मिशीसारखी चार तंतुमुळं. अर्धी पानं खुडली, गोणपाटात गुंडाळून एसटीनं मांडीवर आणला. कंडक्टरनं तिकीट मागितलं नाही, पण शेजारचा प्रवासी पुढच्या थांब्याला जागा बदलून बसला.

कारण काटे. बोराला काटे जोडीनं येतात, एक सरळ, एक आकडा. सरळ रुततो, आकडा धरून ठेवतो. बायकोची पैठणी त्यानं अशीच धरून ठेवली होती. त्यावर घरात जे झालं ते इथं नको.

पंचेचाळीस डिग्रीच्या दोन उन्हाळ्यांत मी त्याला अंघोळीचं पाणी घातलं. वैशाखात पानं झडली की बायको म्हणायची, "गेलं वाटतं." आषाढात ते परत हिरवं! चौथ्या हिवाळ्यात बोरं धरली. वाटाण्याएवढी. आत आठळी, वर साल, मधे गर असल्याची अफवा. तोंडात टाकलं आणि डावा डोळा आपोआप मिटला.

शेजारचे नाना आले. झाडाभोवती एक चक्कर मारली, खाली वाकून बुंधा पाहिला.

"भाऊ, हाई तं खुंट शे!"

म्हणजे कलमात मेहरूणचा डोळा, फांदीवरची कळी, वर, आणि खाली मुळांचं गावठी रानबोर, म्हणजे खुंट, त्यावर तो भरलेला. जमिनीखालून जे निघतं ते खुंटाचं. चार वर्षं मी मेहरूण समजून मेहरूणच्या पायाखालचं रानबोर वाढवत होतो. ज्याच्या बोरन्हाणासाठी खटाटोप केला, तो आता शाळेत जातो आणि हीच बोरं गुलेरीत घालून चिमण्यांवर सोडतो.

नाना म्हणाले, उन्हाळ्यात छाटून टाका, पावसाळ्यात नव्या फुटीवर मेहरूणचा डोळा भरू. म्हणून डोळ्याची काडी मागायला साडूंना फोन लावला.

"काडी न्या की," ते म्हणाले. "आणि यंदा अजून चार फुटवे आलेत, तेही घेऊन जा."