पहिल्या पेट्यांचा पैसा

‘क्रॅक गेम खेळणं ही चोरी नव्हे. कॉपी केल्याने कुणाचं काही कमी होत नाही, विकत घेणारा घेतोच, कंपन्या गडगंज आहेत आणि कुलपांचा त्रास फक्त पैसे मोजणाऱ्याला होतो.’ हा मेसेज गेल्या महिन्यात मला तीन ग्रुपवर आला. कुलूप म्हणजे गेमची कॉपी होऊ नये म्हणून कंपनीने घातलेलं डिजिटल संरक्षण, आणि क्रॅक गेम म्हणजे ते फोडून फुकट वाटलेली प्रत. तो पुढे पाठवणारी मुलं माझ्याच गावची, म्हणून लिहितोय.

कमी काय होतं ते आधी सांगतो. देवगडात आमची कलमं आहेत. खत, फवारणी, राखण, सगळा खर्च आधी होतो. खरा पैसा मिळतो तो हंगामातल्या पहिल्या पेट्यांना. मे सरता सरता तोच हापूस किलोवर कॅनिंगला जातो. गेमचंही तसंच आहे. दोन-चार वर्षं पगार द्यायचे आणि बरीचशी कमाई पहिल्या काही आठवड्यांत करायची. डेनुवो या कुलपाचा 2024 मध्ये एक अभ्यास आला. त्यात दिसलं की ते पहिल्याच आठवड्यात फुटलं तर उत्पन्न सरासरी सुमारे 20 टक्क्यांनी घटतं, बारा आठवड्यांनंतर फुटलं तर जवळजवळ काहीच फरक पडत नाही. म्हणजे फुकट मिळाला नसता तर विकत घेतला असता, असे लोक आहेत. आणि ते पहिल्या पेट्यांच्याच वेळी जातात.

गडगंज म्हणाल तर ‘गेम डेव्ह टायकून’ बघा. दोन भावांच्या ग्रीनहार्ट गेम्सने तो 2013 मध्ये आठ डॉलरला, कुलपाशिवाय आणला. त्याच दिवशी एक बदललेली प्रत त्यांनी स्वतःच टोरेंटवर, म्हणजे जिथून लोक फुकट फाइल्स उतरवतात तिथे, सोडली. तिच्यात खेळणाऱ्याचा स्टुडिओ पायरसीमुळे बुडतो. पहिल्या दिवशी 3318 पैकी 3104 जण ती फुकटची प्रत खेळत होते. विकत घेणारे 214. ‘माझा स्टुडिओ चोरीमुळे बुडतोय, काय करू?’ असं त्यांतल्याच काहींनी नेटवर विचारलं.

कुलपांचा मुद्दा मात्र खरा आहे. मार्च 2010 मध्ये युबिसॉफ्ट या गेम कंपनीचे सर्व्हर पडले, तिच्या कुलपाला सर्व्हरशी सतत जोडणी लागायची, आणि ‘असॅसिन्स क्रीड 2’ विकत घेतलेले लोक ताटकळले. आमच्याकडे जुलैत लाइट गेली की नेटही जातं. इन्व्हर्टरवर लॅपटॉप चालू, बाहेर पाऊस धो धो, आणि पैसे भरून घेतलेला गेम ‘सर्व्हरशी संपर्क नाही’ म्हणून अडून बसलेला. त्याचा मला अजून राग आहे. बारा आठवडे झाले की कंपन्यांनी कुलूप काढून टाकावं, हे त्यांना ठणकावून सांगायला हवं. ‘द विचर 3’ तर 2015 मध्ये जीओजी या ऑनलाइन गेम-दुकानात पहिल्या दिवसापासून बिनकुलपाचा होता, आणि 2023 पर्यंत त्याच्या पाच कोटींवर प्रती खपल्या.

आधी बघून घ्यायचा असेल तर स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम चौदा दिवसांत परत करता येतो. परवडत नसेल तर सेलपर्यंत थांबा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या स्टुडिओचा ‘राजी’ मी तसाच घेतला. 2017 मध्ये त्यांची किकस्टार्टरवरची, म्हणजे लोकांकडून ऑनलाइन वर्गणी गोळा करण्याची, मोहीम फसली होती, तरी त्यांनी 2020 मध्ये गेम पुरा करून आणला. मी दिले ते कॅनिंगचे भाव, पण दिले.