नवीन कॉम्प्युटरला नेट जोडायचंय? अजिबात घाई करू नका

तर तुम्ही घरी नवीन कॉम्प्युटर आणलाय, पेढे वगैरे वाटून झालेत, आता त्याला नेट जोडायचंय. सरळ जोडलं तर दहा मिनिटांचं काम आहे. पण दहा मिनिटांत काम उरकणाऱ्याला आमच्या खान्देशात कोणी माणसात धरत नाही. म्हणून मी सांगतो तसं करा, आरामात पंधरा दिवस निघतात, माझे निघाले.

आधी माझी पात्रता सांगतो. मी अमळनेरचा. १९४५ साली आमच्या गावात वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाने वनस्पती तुपाचा कारखाना निघाला आणि त्याचंच पुढे विप्रो झालं, म्हणजे कॉम्प्युटर आमच्या रक्तातच आहे असं समजा. तेव्हा ज्यांनी ज्यांनी कंपनीचे शेअर घेऊन पेटीत टाकले त्यांची नातवंडं आज कुठल्या कुठे आहेत. आमच्या आजोबांनी तुपाचा डबा घेतला. डबा अजून आहे, त्यात तांदूळ असतात.

तर पहिलं काम, वायफाय बसवायला पोऱ्या येतो त्याचं काहीही ऐकू नका. माझ्याकडे आलेला पोऱ्या भला होता, बॅगेत उरलेली आठ-दहा मीटर लॅन केबल त्याने काढली, दोन्ही टोकांना त्या पारदर्शक पिना ठोकल्या, आत आठ रंगीत तारा, जोडीजोडीने पिळलेल्या, त्या त्याने बिडी ओढत ओढत क्रमाने लावल्या आणि म्हणाला, "भाऊ, पीसीले हाई लाई द्या, दुसरं काई करू नका." मी मनात हसलो. शंभर मीटरपर्यंत चालते म्हणे ही वायर. अरे बाबा, वायरलेसच्या जमान्यात घरात वायर लोळवली तर पाहुणे काय म्हणतील? ती गुंडाळून जिन्यात ठेवून दिली, असू दे, कधी कोणाला लागली तर.

आता राउटर, म्हणजे वायफायचा डबा, कुठे बसवायचा. कॉम्प्युटर जिथे असेल तिथून जितकं लांब जाता येईल तितकं जा. आमचं घर जुनं, धाब्याचं, म्हणजे वर मातीचं सपाट छत, भिंती दीड दीड हात रुंद, उन्हाळ्यात बाहेर पंचेचाळीसच्या पुढे गेलं तरी आत गार. ऊनच आत येत नाही तिथे वायफाय काय येणार. पण राउटर बैठकीतच पाहिजे, टीव्हीच्या वर, देवीच्या फोटोच्या शेजारी, आणि शक्यतो मधे एक लोखंडी कपाट असावं. राउटरमध्ये दोन बँड असतात, २.४ गिगाहर्ट्झवाला लांब पोचतो पण हळू, ५ गिगाहर्ट्झवाला पळतो जोरात पण भिंत दिसली की बसकण मारतो, अगदी आमच्या मेहुण्यासारखा. तुम्ही अर्थातच ५ वाला निवडा, आकडा मोठा आहे. आणि हो, पासवर्डचं स्टिकर राउटरच्या मागे चिकटवलेलं असतं, तर राउटर भिंतीला स्क्रूने पक्का ठोकून घेईपर्यंत ते वाचू नका. नंतर स्क्रू काढताना जो चुना पडतो तो झाडण्यात एक दुपार छान जाते.

बाहेरून येणारी ती बारीक वायर म्हणजे फायबर, तिच्या आत केसाएवढी काच असते आणि काचेतून उजेड धावतो, करंट नाही. हे मला पोऱ्यानेच सांगितलं होतं. पण लोंबकळणारी वायर मला बघवत नाही, मी ती खिळ्याभोवती चार वेढे करकचून मारले, वर क्लिपा ठोकल्या, एकदम फर्स्ट क्लास दिसायला लागलं. काच इतकी वाकवली की उजेड बाहेर सांडतो, पुढे जात नाही. राउटरवर एलओएस (म्हणजे सिग्नल गेला) लिहिलंय तिथे लाल दिवा लुकलुकायला लागला. मायला तो फार आवडला. देवीजवळ शोभतो म्हणे.

लाल दिवा लागला की कस्टमर केअरला फोन लावा. हा अनुभव चुकवू नका. आधी गाणं वाजतं, मग एक बाई हिंदीत विचारतात राउटर बंद करून चालू केला का, तुम्ही म्हणता केला, त्या म्हणतात पुन्हा करा. असं दिवसातून चारदा, चार दिवस. पाचव्या दिवशी तोच पोऱ्या आला, खिळ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, वेढे सोडवले, दिवा हिरवा. एक मिनिट लागलं. मग त्याला शेवभाजी खाल्ल्याशिवाय सोडला नाही, त्यात दोन तास गेले, हिशोब बरोबर झाला. जाताना त्याने विचारलं, "ती वायर लायी का?" मी म्हटलं लावू लावू.

आता खरी गंमत. मोबाईलवर नेट धावतंय, कॉम्प्युटरवर वायफायचं चिन्हच नाही. का नाही? कारण तुम्ही दुकानात रंगीत लाइटवाला डबा बघून घेतला, त्याच्यात वायफायचं कार्ड आहे का हे विचारलं नाही, आणि बऱ्याच स्वस्त डेस्कटॉपमध्ये ते नसतंच. विचारूही नका कधी, दुकानदाराला वाईट वाटतं. सरळ परत जा, नखाएवढा डोंगल, म्हणजे यूएसबीत खुपसायचं वायफाय, आणा. डोंगल लावला की कॉम्प्युटर म्हणतो ड्रायव्हर, म्हणजे डोंगल चालवणारं सॉफ्टवेअर, पाहिजे. ड्रायव्हर कुठे? नेटवर. नेट कशाने येणार? डोंगलने. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, तशातली गत. खोक्यात ड्रायव्हरची सीडी असते, पण नवीन कॉम्प्युटरला सीडीचं तोंडच नाही. ती सीडी आता केळीच्या रोपाजवळ पाखरं हाकलायला टांगलीय, चांगली चमकते.

(इथे शहाणा माणूस ड्रायव्हर मोबाईलवर उतरवून यूएसबीने कॉम्प्युटरमध्ये टाकतो. पण आपण शहाण्यांसाठी लिहीत नाहीये.)

या टप्प्यावर सल्लागार बोलवा. शेजारचे बापू स्वतःहून आलेच, "माले समजस, तू सरक" म्हणून खुर्चीत बसले आणि आधी सगळ्या वायरी काढून फुंकल्या. सुरतेचे दाजी व्हिडिओ कॉलवर आले, तिकडे साडी मार्केटमध्ये त्यांच्या दुकानात म्हणे याच्या निम्म्या पैशात डबल स्पीड आहे. मग बापू आणि दाजी यांच्यात सुरत मोठं का जळगाव असा जो विषय निघाला तो रात्री साडेनऊला संपला. भाच्याला विचारू नका, त्याला येतं, तो पाच मिनिटांत करून टाकेल आणि सगळी मजा जाईल.

स्पीडवरून भांडायला विसरू नका. शंभर एमबीपीएसचा प्लॅन घेतलाय ना? मग मोबाईलवर फाइल उतरवताना सेकंदाला बारा-साडेबारा एमबी दिसेल. लगेच फोन करा, शंभरचे पैसे घेताय अन् बाराच देताय! ते सांगतील की प्लॅन बिटमध्ये मोजतात, फाइल बाइटमध्ये, आठ बिटचा एक बाइट, शंभरला आठने भागा. भागू नका. बापूंनी तर उरलेले साडेसत्त्याऐंशी गेले कुठे याची लेखी तक्रार करायचं ठरवलंय. त्यांना मी सांगितलं की २००४ साली सरकारने ब्रॉडबँड म्हणजे काय ते ठरवलं तेव्हा २५६ केबीपीएसला, म्हणजे जेमतेम पाव एमबीपीएसला, ब्रॉडबँड म्हणायचे, चार एमबीचं एक गाणं उतरायला दोन मिनिटं, आणि २ एमबीपीएसची अट यायला २०२३ उजाडलं. बापू म्हणाले, तेव्हा माणसं सुखी होती.

असे चौदा दिवस गेले. पंधराव्या दिवशी, खरं सांगतो, मी हरलो. म्हटलं जाऊ द्या पाहुणे काय म्हणायचं ते म्हणोत, लावून टाकू ती वायर. जिन्यात गेलो तर वायर नाही. कपाटावर नाही, माळ्यावर नाही, तुपाच्या डब्यातही हात घालून बघितला. शेवटी धाब्यावर गेलो. खाटेवर जुनी नऊवारी पसरून मायने त्यावर बिबड्या (आमच्याकडचे ज्वारीचे पापड) वाळत घातल्या होत्या, वाऱ्याने साडी उडू नये म्हणून खाटेच्या चारही पायांना करकचून बांधली होती, आणि कशाने ते मी सांगायला नको. गाठ इतकी पक्की की पोऱ्याने ठोकलेली पिन त्यात अडकवून टाकलेली. मी सोडायला बसलो तर मागून आवाज आला.

"काय करस रे? तठे बांधेल ऱ्हाऊ दे. आधी बिबड्या सुकू दे, मंग लई जाय तुनं इंटरनेट."

हे सगळं मी मोबाईलवर टाइप करतोय, धाब्याच्या कडेला बसून, हातात काठी, कावळे हाकलत. बिबड्यांना अजून दोन उन्हं लागतील म्हणते माय. त्यानंतर उडदाचे पापड आहेत.